दोनशे चौदा नंबरची ऑल्डरटन

उम्म अल कुवैन
१२ मार्च २०१०

प्रिय लेस्टर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडू नकोस. आत रडगाणं नाही, एका गाडीचं काम आहे.

मागच्या महिन्यात लियाकत रिकव्हरीच्या ट्रकवर एक वस्तू घालून माझ्या गॅरेजला आला. तोच लियाकत, ज्याला तू मिशीवाला अजगर म्हणायचास. म्हणाला, "चाचा, इसको भंगार में दूँ या आप रखोगे?" ताडपत्री काढली तर आत घोड्याशिवायची बग्गी. लाकडी आऱ्यांची चाकं, पितळेचे दिवे, मागच्या चाकांना सायकलसारखी साखळी आणि सीटखाली दोन सिलिंडरचं इंजिन, समोरासमोर आडवं निजलेलं. एका बिल्डरने टॉवरच्या सेल्स ऑफिसात शोभेला ठेवली होती. टॉवरच्या जागी अजून खड्डाच आहे. बिल्डर कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. ऑफिसच्या अरब मालकाला जागा रिकामी हवी होती, त्याने कागदावर सही करून दिली, घेऊन जा म्हणाला. खलास.

पितळी पट्टीवर लिहिलंय: ऑल्डरटन मोटर कंपनी, मिलरफर्ड, ओहायो. नंबर २१४.

इथल्या एका मुलीने इंटरनेटवर शोधून दिलं. कंपनी १९०५ ते १९०८, तीनच वर्षं. त्याहून जास्त माहिती नाही. मग दुबईहून एक गोरा तज्ज्ञ बोलावला. त्याने चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं आणि म्हणाला, मिस्टर सेबॅस्टियन, ह्या कंपनीने दोनशे तीनच गाड्या बनवल्या, दोनशे चौदा कुठून येईल? नकली आहे, हॉटेलच्या लॉबीत ठेवा.

मला ते पटत नाही. एकतीस वर्षं मी ह्या देशात इंजिनांना स्क्रू-ड्रायव्हर लावून दुसरं टोक कानाला लावत आलोय. दांडा फिरवला तेव्हा ह्या इंजिनाने जो उसासा टाकला, तो नकली वस्तूचा नव्हता.

तुझ्या सासूबाईंकडून, मॉलीच्या आईकडून कळलं की तू विंडसरला पार्ट्सच्या कंपनीत लागलास आणि कामासाठी पुलावरून पलीकडे डेट्रॉइटला जातोस. नकाशात पाहिलं, मिलरफर्ड तिथून दोन तास. गावात लायब्ररी असेल. जाशील का एकदा?

बाकीचं मला ठाऊक आहे. दोहाची नोकरी हातात होती, मी थांब म्हणालो, आणि सहा दिवसांत इथली गेली. तेव्हापासून तू माझ्याशी बोलला नाहीस. कबूल. कंपनीत तुझी चुगली तुझ्याच सेक्शनमधल्या सुरेशने केली असं तू म्हणतोस, त्यात मी पडत नाही.

गाडीचं तेवढं बघ.

दादा

९ मे २०१०

प्रिय लेस्टर,

सँड्राचा ईमेल मिळाला. "अंकल, डॅड सेज ही विल सी. प्लीज डोंट कॉल." एवढंच. मी प्रिंट काढून कॅल्क्युलेटरखाली ठेवलाय. "विल सी" म्हणजे आपल्या घरात हो असतं. बाबांना नवी सायकल मागितली की ते "बघू" म्हणायचे आणि रविवारी आणायचे.

फोन करत नाही. पत्राला तर मनाई नाही ना?

इथली हालत अशी की अर्धी इंडस्ट्रियल एरिया शटर पाडून बसलीये. माझ्या डावीकडचा ॲल्युमिनियमवाला गेला, उजवीकडे खैरुद्दीनचं लेथ चालू आहे कारण बोटींची कामं येतात. माझं बरं चाललंय. लोक नवी गाडी घेत नाहीत, जुनीच दुरुस्त करतात. मंदी मिस्त्रीला मारत नाही, हे मी कुणाला मोठ्याने सांगत नाही.

पण कामात चित्त नाही. ब्रेक उघडतो, तो तसाच सोडून ह्या बग्गीपाशी जातो, तिथून उठून चहा करतो, चहा प्यायचा विसरतो. तुझी वहिनी वसईहून फोनवर म्हणाली, "तुम्हाला झालंय काय? दोनदा तेच विचारताय." मी म्हटलं उन्हाळा.

गाडीत एक मजेची गोष्ट आहे. लाकडी पेटीत दोन कॉइल बसवलेत. बॅटरी लावली की त्यातली पत्ती थरथरते, डबीत भुंगा कोंडल्यासारखी. एकाचा आवाज स्वच्छ, दुसरा घोगरा. खैरुद्दीनला दोन्ही सारखेच वाटतात. मी दिवसभर पत्ती घासतोय आणि ऐकतोय.

एक दुरुस्ती. इंटरनेटवर ज्या मुलीने शोधलं ती सुरेशची अवनी. मागच्या पत्रात नाव लिहिलं नाही, कारण तू तिथेच वाचायचं थांबवलं असतंस. हो, मी दुबईत अल मनखूलला त्यांच्याकडे जातो. महिन्यातून एकदा. शोभना थालीपीठ करते. माझ्यावर चिडायचं तर चीड, पोरीने काम चांगलं केलंय.

दादा

२७ ऑगस्ट २०१०

लेस्टर, माझ्या भावा,

चार पानं! तुझ्या हाताची! पोस्टाची पेटी उघडली तेव्हा वीजबिलाखाली होतं. रमझान आहे, बाहेर कुणाच्या समोर पाणीही प्यायचं नाही, म्हणून गाडीत एसी लावून बसलो आणि तिथेच वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग केबिनमध्ये खैरुद्दीनला हिंदीतून सांगितलं. रोजा सोडायला तासभर होता, तो म्हणाला, भाईजान, टाइमपास अच्छा हो गया.

किती बारीक लिहिलंस रे. लायब्ररीतली म्हातारी बाई, तिने हातमोजे देऊन दाखवलेले पेपर, गावाच्या चौकात अजून असलेली ऑल्डरटनची विटांची इमारत आणि तिच्यात आता चालणारं सोफ्यांचं दुकान. मला तिथे उभं केलंस.

बरोबर समजलो का ते सांग. ऑल्डरटन हा बग्ग्या बनवणारा. तीन पिढ्या घोड्यांच्या गाड्या. प्रुइट हा सायकलवाला, बडबड्या, गावात सगळ्यांशी ओळख. दोघांनी १९०५ मध्ये कंपनी काढली. बॉडी ऑल्डरटनची, चाकं-साखळ्या प्रुइटच्या आणि इंजिनाचे ओतीव सिलिंडर शेजारच्या गावातल्या फाउंड्रीतून. पहिल्या वर्षी चाळीस गाड्या, दुसऱ्या वर्षी नव्वद. जत्रेत त्यांची गाडी टेकडी चढून गेली आणि मोठ्या कंपनीची अर्ध्यावर राहिली, तो किस्सा वाचून मी स्टिअरिंगवर हात आपटला. हॉर्न वाजला.

आणि मग १९०७ चा ऑक्टोबर. न्यूयॉर्कात बँकांसमोर रांगा, बाजार झोपलेला. तरी ऑल्डरटनकडे ऑर्डरी होत्या, माणसं होती. अचानक फाउंड्रीने सिलिंडर देणं बंद केलं. का, ते तुला सापडलं नाही. सिलिंडर नाही तर इंजिन नाही. मे १९०८ मध्ये दाराला कुलूप. एकूण गाड्या दोनशे तीन, असं फाउंड्रीच्या वहीत. म्हणजे गोरा खरं बोलत होता.

पण तू शेवटी लिहिलंस: "दादा, मला पण ही नकली वाटत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जातो."

दादा. हा शब्द तू लिहिलास तेव्हा तुझ्या लक्षात तरी आलं का?

ह्या पत्राला आणखी दोन पानं होती. सकाळी लिहिली, दुपारी फाडली. त्यात गाडीचं काही नव्हतं.

दादा

१४ नोव्हेंबर २०१०

प्रिय लेस्टर,

तुझं पाकीट मिळालं. जून १९०८ च्या पेपरची झेरॉक्स मी मोठी करून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवली. कंपनी बुडाल्यावर कोर्टाने नेमलेल्या माणसाने बारा कामगारांना आत जायची परवानगी दिली, की जे पडलंय त्यातून काय जोडता येतं ते जोडा. त्यांनी उरलेले, नाकारलेले, तडे सांधलेले सिलिंडर घेऊन अकरा गाड्या उभ्या केल्या. फाउंड्रीच्या वहीत त्या कशा येणार? दोनशे तीन आणि अकरा. दोनशे चौदा!

लेस्टर, आपली शेवटची आहे. त्यानंतर ऑल्डरटन बनलीच नाही.

मी गोऱ्याला फोन केला. फार प्रेमाने बोललो. "सर, तुमच्यासाठी एक पेपर आहे, लॉबीत बसून वाचायला." तो आता म्हणतो, जुन्या गाड्यांचा एक अमिराती शौकीन आहे, चांगली किंमत देईल. म्हटलं आधी चालू तर होऊ दे.

आणि सिलिंडरला खरंच सांधा आहे! मला तो गंज वाटला होता. पितळेने भरलेला, बोटभर लांब. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नोकरी गेलेल्या माणसाने तो इतका गुळगुळीत घासला की मला नखाने कळला नाही. पिस्टनच्या रिंगा मिळेनात, म्हणून खैरुद्दीनने खाडीवरच्या जुन्या लाँचच्या रिंगा घेऊन लेथवर उतरवल्या. चारशे दिरहम म्हणाला, म्हणजे आपले पाच हजार. मी म्हटलं, हबीबी, अख्खी लाँच घेतली का? तीनशेवर आला.

आता तू मागच्या पत्रात खाली लिहिलंयस की "त्या माणसाचं नाव पुन्हा लिहू नकोस". लिहितो. रागावलास तरी लिहितो. दिवाळीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, अख्खं अल मनखूल नटून चाललं होतं, आणि शोभना घरात इस्त्री करत होती. मी विचारलं, जायचं नाही? अवनी म्हणाली, "वी डोंट गो एनीमोर, अंकल. पीपल स्टेअर ॲट डॅड." सुरेश टीव्ही बघत राहिला. टीव्हीचा आवाज बंद होता.

तू जाताना मंडळात आठ-दहा जणांना सांगून गेलास की सुरेशने मित्राचा गळा कापला. लोकांना तेवढं पुरलं. शिवाय त्याची नोकरी राहिली, त्यामुळे वेगळा पुरावा कुणी मागितला नाही.

तू चूक आहेस असं मी म्हणत नाहीये. मी फक्त टीव्हीचं सांगितलं.

दादा

८ जानेवारी २०११

लेस्ट्या,

काल जे तू फोनवर ऐकलंस ते मी अजून ऐकतोय. पंचेचाळीस सेकंद! लियाकतने घड्याळ लावलं होतं. दांडा फिरवला, एकदा, दोनदा, सातव्यांदा उलटा झटका बसून मनगट सुजलं, आणि आठव्यांदा ती फुसफुसली, शिंकली आणि चालायला लागली. टक-टक, टक-टक. अख्खं गॅरेज निळ्या धुराने भरलं. खैरुद्दीन अल्लाचं नाव घेत बाहेर पळाला. मी एका हाताने लिव्हर धरलेला, दुसऱ्या हाताने मोबाइल इंजिनापाशी. आणि तिकडून तू, बर्फातून, काय म्हणालास? ना हॅलो, ना कसा आहेस. "दादा, एक सिलिंडर मागे पडतोय."

मागे पडतच होता! सात हजार मैलांवरून! शाबास. हे कान बाबांचे. मला वाटायचं ते एकट्या मलाच मिळाले.

मग दोघं किती हसलो. नंतर तू विचारलंस, गुडघा कसा आहे. गुडघा छान आहे.

तू १८ फेब्रुवारीचं तिकीट काढलंयस हे मॉलीने मागून फोन ओढून सांगितलं, नाहीतर तू सांगितलंच नसतंस. दोन आठवडे! तुझी खोली रंगवायला घेतली. शौकीन माणसाला मी सांगितलं, गाडी आत्ता मिळणार नाही. माझा भाऊ येईल, आम्ही दोघं ती किनाऱ्याच्या रस्त्यावरून चालवू, मग तुमच्या म्युझियमला न्या. तो म्हणाला, इन्शाल्ला, मलाही मागे बसवा.

इतका आनंद असताना मला स्वस्थ का बसवत नाही ते विचारू नकोस. आज चार वेळा एकच नट आवळला.

दादा

२१ जानेवारी २०११

लेस्टर,

तुझं कुरिअर परवा आलं. त्यातलं प्रुइटचं पत्र मी वाचलं, आणि त्याला टाचलेली तुझी चिठ्ठीही.

१९०७ च्या ऑक्टोबरात हा बडबड्या भला माणूस भागीदाराला न विचारता गुपचूप फाउंड्रीच्या मालकाकडे गेला. जुनी ओळख. म्हणाला, बाजारात काहीही होवो, आमचे सिलिंडर तेवढे थांबवू नकोस, माझ्यासाठी एवढं कर. फाउंड्रीवाल्याच्या मनात तोवर काहीच नव्हतं. त्याला वाटलं, हा आपणहून सांगायला आला, म्हणजे ऑल्डरटनचं काहीतरी बिघडलंय. दुसऱ्या आठवड्यात त्याने माल बंद केला. प्रुइटने हे ऑल्डरटनला कधीच सांगितलं नाही. १९३१ मध्ये, ऑल्डरटन वारल्यावर, त्याच्या मुलाला लिहिलं.

आणि तुझ्या चिठ्ठीत: "दादा, वाच हा नमुना. ह्याला कुणी सांगितलं होतं वशिला लावायला? मदत करायला गेला आणि सगळ्यांच्या पोटावर पाय आणला. आणि सांगितलं कधी, तर ज्याला सांगायचं तो मातीत गेल्यावर. भित्रा."

मी तेव्हा गाडीखाली होतो. तसाच पडून राहिलो. खैरुद्दीनला वाटलं मला काही झालं.

तू यायच्या आधी तुला हे कळायला हवं. येऊन, जेवून, गाडी चालवून झाल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक.

२००८ च्या ऑक्टोबरच्या शेवटी तुमचा जनरल मॅनेजर गाडीची सर्व्हिस करायला माझ्याकडे आला. बरोबर हिशेबाचा साहेब होता. कंपनीच्या बारा गाड्या माझ्याकडे होत्या, तुला आठवतं. दोघं केबिनमध्ये चहा पीत इंग्रजीत बोलत होते. मी पाठमोरा, बॉनेटमध्ये. मिस्त्रीला काय कळतंय. डिसेंबरात नॅशनल डे झाला की एस्टिमेशनचं सेक्शन बंद, एकाला ठेवून बाकी चौदा माणसं, तीन महिन्यांचा पगार आणि चांगलं पत्र देऊन पाठवायची, तोवर चकार शब्द नाही. मी सगळं ऐकलं. एअर फिल्टर बदलला.

त्या शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तू दोहाचं पत्र घेऊन आलास. "दादा, जाऊ का?" मला फक्त "जा" म्हणायचं होतं. का जा, तेही सांगायची गरज नव्हती. गिऱ्हाइकाचं बोलणं गॅरेजबाहेर नेत नाही हा माझा धंद्यातला नियम, पण "जा" म्हटल्याने तो मोडत नव्हता. मी "थांब" म्हणालो. कारण तू दोहाला गेलास तर शुक्रवारी माझ्याकडे जेवायला कोण येणार, हे पहिलं माझ्या मनात आलं. आणि दुसरं, मला वाटलं मी सांभाळून घेईन. मी कुणालाही सांभाळून घेतो. कस्टमवाला, पोलीस, म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर. एकतीस वर्षांत मला नाही म्हणणारा माणूस कमी भेटला.

मंगळवारी जनरल मॅनेजर गाडी न्यायला आला. मी हात पुसले, खास चहा मागवला आणि म्हणालो, "सर, एस्टिमेशनमध्ये माझा भाऊ आहे, लेस्टर. नॅशनल डेच्या वेळी त्याच्यावर नजर ठेवा."

तो हसला. "नॅशनल डेला काय आहे?" मी गडबडलो. ते दोघं केबिनमध्ये बोलले ते ऐकलं, असं सांगता येईना. म्हणून म्हणालो, "सर, सगळ्यांनाच माहीत आहे."

लेस्टर, त्याचा आवाज बदलला ते मी ऐकलं. नाही ऐकलं असं म्हणू शकत नाही. "डोन्ट वरी" म्हणाला, पण चहा अर्धा ठेवून चावी उचलली. माझे कान म्हणत होते की बिघडलं. मी मनाला सांगितलं की जमलं.

गुरुवारी तुला पहिलं बोलावलं. सिक्युरिटीने लॅपटॉप घेतला. "कंपनीची गुप्त माहिती बाहेर फोडली." बाकी तेरा जणांना तीन महिने आणि पत्र मिळालं. तुला त्याच दिवशी दार, वर दुसरीकडे नोकरीची बंदी. दोहाही त्यातच गेलं. तू म्हणालास, मला अडकवलं कुणी? आणि सेक्शनमधून एकटा सुरेश राहिला होता, म्हणून तू त्याचं नाव घेतलंस. मी समोर उभा होतो. म्हणालो, त्यात मी पडत नाही.

सुरेशने काहीही केलं नाही. जे केलं ते मी केलं.

उद्या अल मनखूलला जाऊन त्यांना सांगतो. पण हे पत्र आधी पोस्टात टाकतो, म्हणजे तिथून परत येताना माझं मन बदललं तरी उपयोग होणार नाही. ह्यातलं दुसरं पान खराब झालंय, ते पुन्हा उतरवून काढत नाही. उतरवायला बसलो तर शब्द गोड करीन.

तिकिटाचं तू ठरव.

सेबॅस्टियन

१२ फेब्रुवारी २०११

प्रिय लेस्टर,

तीन आठवड्यांत तुझं काही आलं नाही. हे उत्तर मागायला लिहीत नाही. काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो.

मी अल मनखूलला गेलो. सगळं सांगितलं. सुरेश ऐकत होता. बोलली ती शोभना. "सेबॅस्टियन भाऊ, दोन वर्षं मी कुणाकडे हळदीकुंकवाला गेले नाही. माझ्या नवऱ्याला लोक लिफ्टमध्ये टाळतात. आणि तुम्ही दर महिन्याला ह्याच खुर्चीत बसून माझ्या हातचं खात होता. घास उतरायचा तुमच्या घशाखाली?" मी म्हटलं, उतरायचा, वहिनी. खोटं कशाला बोलू. ती आत गेली. अवनीने माझ्यासमोरची ताटली उचलली. दाराशी सुरेश एवढंच म्हणाला, "मंडळात तुम्ही सांगणार की मी सांगू?"

मी सांगितलं. मागच्या शुक्रवारी, माइकवर, तिळगुळाच्या कार्यक्रमात. लोकांना वाटलं मी देणगी जाहीर करायला उठलोय. टाळ्यासुद्धा वाजवल्या आधी. नंतर कुणी वाजवल्या नाहीत. बाहेर येताना दोघातिघांनी माझ्याकडे पाठ फिरवली. ज्या सुरेशला हेच लोक टाळत होते, त्याच्याभोवती लगेच घोळका, "आम्हाला पहिल्यापासून वाटतच होतं." सुरेश त्यांना सोडून पार्किंगमध्ये निघून गेला.

काल तो गॅरेजला आला. एकटा. मी बोलावलं नव्हतं. म्हणाला, "गाडी दाखवा." दाखवली. सिलिंडरचा सांधा दाखवला. त्याने बोट फिरवून पाहिलं. मी कॉइलची पेटी उघडत होतो, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने पाहिलं आणि मला स्क्रीन दाखवली. कॅनडाचा नंबर.

मला काय वाटलं ते लिहीत नाही. तू मला करायचा फोन त्याला केलास, आणि तेच बरोबर होतं.

त्याने फोन कानाला लावला आणि म्हणाला, "बोल." गॅरेज केवढंसं आहे, तुला माहीत आहे. पत्र्याच्या चार भिंती. शुक्रवार, सगळं बंद, रस्त्यावर एक गाडी नाही. मला तिथे माशी बसलेली ऐकू येते. तुझा आवाज फोनबाहेर येत होता. पहिला शब्द मी ऐकला, त्याचं नाव होतं. दुसरा येण्याआधी मी मागच्या खोलीत दार लावून एअर कॉम्प्रेसर चालू केला.

ते मशीन सुरू झालं की शेजारी ओरडलेलं कळत नाही. दाराच्या काचेतून मला सुरेश दिसत होता. फेऱ्या मारत होता. एकदा हात उगारून काहीतरी बोलला, एकदा बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला, एकदा ऑल्डरटनच्या सीटवर बसला आणि पुन्हा उठला. तुमचं बोलणं चाळीस मिनिटं चाललं. मग त्याने तोंडावर पाणी मारलं, माझ्याकडून चहा घेतला, पूर्ण प्यायला आणि गेला. तू काय म्हणालास ते त्याने सांगितलं नाही. अठरा तारखेचंही नाही. मी विचारलं नाही, आणि आता तुलाही विचारत नाही.

एवढंच की कॉम्प्रेसरची टाकी दहा मिनिटांत भरते आणि ती भरली की मशीन आपोआप बंद पडतं. ती भरू नये म्हणून मी हवेची नळी उघडून हातात धरून ठेवली होती.

दादा